साखर आमची, गंधक नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं नाव घेतो. वडिलांना हे माहीत आहे आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. ते जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. "पोट्ट्याले बाईनं मानसात आनलं," असं ते अजून आल्यागेल्याला सांगतात.

आमचं गाव वऱ्हाडातलं, तालुक्याचं. शाळा जिल्हा परिषदेची. तिकडे घरी अनोळखी माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मग विचारतात, "कोन्या गावचे?" गाव कळलं की रस्ता विचारायचा, कुठून आले, मधे कुठे उतरले, कुणाकडे थांबले. माणसाची ओळख अशीच होते. बाईंनी ही रीत वर्गात आणली. विज्ञानातला अवघड इंग्रजी शब्द त्या फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "पाहुणा आला. विचारा." सगळा वर्ग ओरडे, "कोन्या गावचा?" मग बाई सांगत. थर्मामीटर ग्रीसचा. थर्म म्हणजे उष्णता, मेट्रॉन म्हणजे माप. एकदा गाव कळलं की तो शब्द पाठ करावा लागत नसे.

एका सोमवारी बाईंनी सॅकरिन फळ्यावर लिहिलं. आदल्या दिवशीच्या आठवडी बाजारात आम्ही सगळ्यांनी बर्फाचा गोळा खाल्ला होता आणि त्या रंगीत पाण्यात साखर नसून हेच असतं, हे ऐकून दोघातिघांनी जिभा बाहेर काढल्या. "कोन्या गावचा?" आम्ही ओरडलो. बाई म्हणाल्या, "आपल्याच." आम्हाला वाटलं, चेष्टा करतात. मग त्यांनी नीट सांगितलं. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू, बारीक रेव. उसाचा रस आटवून त्याचे खडे पडले, तेव्हा लोकांनी तेच नाव त्या गोड खड्यांना दिलं. लोकांच्या बोलीत शर्कराचा झाला सक्खरा. व्यापाऱ्यांबरोबर हा शब्द जहाजात बसून ग्रीकांकडे गेला. ग्रीकांना ऊस माहीत नव्हता. हिंदुस्थानात मधमाशीशिवाय बोरूतून मध निघतो, असं त्यांना वाटे. त्यांनी त्याला म्हटलं सक्खरॉन. तिथून तो लॅटिनमध्ये गेला आणि लॅटिनमधून विज्ञानात. दुसऱ्या वाटेनं तोच शब्द इराण, अरबस्तान असं करत युरोपात पोचला आणि त्याची शुगर झाली. "आणि तुमची माय चहात टाकते ती साखर, तीही त्याच सक्खरातून," बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी गंधकाचाही धडा घेतला. कृषी केंद्रातून आणलेलं गंधक परीक्षानळीत तापवलं आणि त्यात तांब्याची तार सोडली. तार लाल झाली आणि निवल्यावर पाहिली तर काळी ठिक्कर, हातात घेताच मोडली. "पाहा," बाई म्हणाल्या, "तांब्याचा शत्रू. संस्कृतात तांब्याला शुल्ब म्हणतात आणि शत्रूला अरि. शुल्बारि. तोच इंग्रजांचा सल्फर." वर्गातला एकही मुलगा तो दिवस विसरला नसेल. तांबं मेलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुण्याला बी.एस्सी.ला आलो तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं की वसतिगृहातली मुलं एकमेकांकडे बघायची. "आले, मले-तुले आले," असं एक जण रोज न चुकता म्हणायचा. पण पहिल्याच महिन्यात फळ्यावर मोनोसॅकराइड, डायसॅकराइड, पॉलिसॅकराइड असे शब्द आले आणि इंग्रजी शाळांतली मुलं ते घोकत बसली, तेव्हा मी शांत होतो. एकेरी साखर, दुहेरी साखर, साखरेची माळ. माझ्या घरातला शब्द टोपी घालून आला होता, एवढंच. त्या दिवसापासून मी ठरवलं की विज्ञानाचं इंग्रजी ही कुणाच्या बापजाद्यांची मिरास नाही आणि माझ्या बोलीची मला लाज वाटणार नाही. एम.एस्सी. झालो, पात्रता परीक्षा पास झालो आणि वाघोलीच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागलो.

नोकरी तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यांचं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये नेमणूक नव्यानं. चार वर्षं मी असा शिकवत होतो. त्या वर्षी आमच्या विभागात एक पूर्णवेळ जागा भरायची असं ठरलं. मुलाखत जूनमध्ये, आणि मुलाखतीत विभागप्रमुखांचा शब्द शेवटचा. ती जागा मला हवी होती. गावाकडे वडिलांचं काम सुटलं होतं, लहान बहिणीचं शिक्षण चालू होतं. दुसरं काही मागण्याची माझी तेव्हा ऐपतच नव्हती.

त्याच वर्षी मूल्यांकन समिती येणार होती. ज्यांनी महाविद्यालयात काम केलंय त्यांना हे दिवस सांगायला नकोत. भिंतींना रंग लागतो, कुंड्या भाड्यानं येतात, कधी न उघडलेल्या खोल्यांवर कसल्या कसल्या कक्षांच्या पाट्या लागतात. प्रत्येक विभागानं प्राचीन भारतीय ज्ञानावर एक फलक करायचा होता. विभागप्रमुख सरांनी मला बोलावून मोबाइल पुढे केला. त्यांना कुणीतरी पाठवलेली यादी होती. वीस इंग्रजी विज्ञानशब्दांची संस्कृत मुळं.

"हे तुमच्या आवडीचं काम," सर म्हणाले. "वर्गात तुम्ही पोरांना ते साखरपुराण सांगता, कानावर आलंय आमच्या. आता अधिकृतपणे सांगा. सहा बाय चारचा फ्लेक्स. समिती आली की शेजारी उभं राहून समजावायचं."

मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. मी त्याच दिवशी ग्रंथालयात जाऊन कोश काढून बसलो. यादीतल्या प्रत्येक शब्दाला बाईंच्या वर्गातला प्रश्न विचारायचा. गाव कोणतं, आणि तिथून इथवर आलास कोणत्या रस्त्यानं?

साखर पहिल्याच फटक्यात उभी राहिली. लाखही राहिली. लाक्षा, मग लाख, मग इंग्रजांचं शेलॅक. अ‍ॅनिलीन राहिलं. आपली नील अरबांनी नेली, त्यांच्याकडून पोर्तुगीजांनी, आणि शेवटी जर्मनांच्या प्रयोगशाळेत तिला हे नाव मिळालं. बेरिलियम राहिलं. त्याच्या मुळाशी प्राकृतातला वेरुलिय आहे, एक रत्न, आणि त्याच्याही मागे बहुधा दक्षिणेतला कुठला तरी शब्द. प्रत्येकाचा मुक्कामवार रस्ता दाखवता येत होता.

बाकीचे पडले. नॅव्हिगेशन म्हणे नवगतीतून आलं. त्याला लॅटिनमध्ये स्वतःचं घर आहे, आणि ते घर आपल्या नौकेशी दूरच्या नात्यानं जोडलेलं आहे, पण नवगती हा शब्द कुणीतरी अलीकडे बसून जुळवलेला. जॉमेट्री म्हणे ज्यामितीतून. ती ग्रीकांची, जमिनीची मोजणी. ज्यामिती हे आपण नंतर दिलेलं नाव. आणि सेंटर म्हणे केंद्रातून! इथे तर प्रकार उलटा होता. ग्रीकांचा केंट्रॉन ज्योतिष्यांबरोबर इकडे आला आणि आपण त्याला केंद्र म्हणून घरात घेतलं, इतकं प्रेमानं की आता तो परका वाटत नाही. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. साखर गेली, केंद्र आलं. जाणंयेणं दोन्हीकडून होतं.

मग आला सल्फर.

त्याला मी सोडायला तयार नव्हतो. शुल्बारि हा शब्द संस्कृत कोशात मिळाला. तिथवर बाई बरोबर होत्या. पण लॅटिनमधला सल्फर फार जुना, आणि तो इथून गेल्याची एकही खूण नाही. मधलं एकही गाव नाही. ग्रीकांकडे गंधकाला वेगळाच शब्द. अरबांकडे वेगळा. व्यापारी, वैद्य, कुणाच्याच तोंडी शुल्बारि नाही. दोन टोकांना दोन सारखी दिसणारी माणसं उभी होती आणि आपण त्यांना भाऊ ठरवलं होतं. मी आठवडाभर ग्रंथालयात जात राहिलो. ग्रंथपाल शेवटी म्हणाले, "अहो, पुस्तकं तीच आहेत. कालची."

तेव्हा कुठे मला कळलं की मला इतकी वर्षं खात्री का होती. तार काळी पडताना मी पाहिली होती. प्रयोग खरा होता, आणि त्याच्या बरोबर सांगितलेली गोष्ट त्या खरेपणात भिजून पक्की झाली होती. तांब्याचा शत्रू हे रसायन आहे. त्यावरून शब्दाचा प्रवास सिद्ध होत नाही. ही चूक बाईंनी केली, त्यांच्या शिक्षकांनी केली असेल, आणि मीसुद्धा गेली चार वर्षं वर्गात तेच सांगत आलो होतो.

मी चार शब्दांचा फलक काढला आणि सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"चार?"

"चारच निघाले, सर."

"सहा बाय चारच्या फ्लेक्सवर चार शब्द. बाकी जागेत काय, रांगोळी काढायची?"

मी रस्त्यांचे नकाशे काढायचं सुचवलं. सरांनी यादीतले सगळे शब्द घालायला सांगितले आणि तासाला निघून गेले.

माझ्याबरोबर तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मैत्रीण होती. तिलाही ती जागा हवी होती आणि आम्ही दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं नव्हतं. ती म्हणाली, "तू सीरियसली ह्यावर भांडणारेस? कोण वाचतं रे फ्लेक्स? लोक सेल्फी काढतात आणि जातात."

"मग खोटं कशाला छापायचं?"

"कारण खरं छापलं तरी कोणी वाचणार नाहीये! जून लक्षात ठेव फक्त."

वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका शब्दापायी कायले भांडतं बापा त्यायच्याशी? लिहून टाक. कोनाचं काय जाते?"

बहिणीच्या फीचं विचारून मी फोन ठेवला. पण तसला फ्लेक्स मला देता आला नाही.

सर रविवारी सकाळी मंडईत असतात, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. कार्यालयात त्यांच्या भोवती सतत माणसं, म्हणून मी तिथेच गाठायचं ठरवलं. ते मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहत होते.

"काका, घ्यायची तर घ्या," भाजीवाली म्हणाली. "मेथी काय परीक्षेला बसलेली नाही."

"बसली असती तर नापासच झाली असती," सर म्हणाले आणि मला पाहून पिशवी माझ्या हातात दिली. "या. आपण काय सुट्टीतही शब्द वेचता?"

मी चालता चालता सांगितलं. साखरेचा रस्ता, केंद्राचा रस्ता, गंधकाला रस्ताच नसणं. सरांनी मधे बटाटे घेतले. मग म्हणाले, "हे पाहा, मी तुम्हाला मूर्ख वाटत असेन, पण मला ज्यामितीचं माहीत आहे. तुमच्या जन्माआधीपासून माहीत आहे. समितीला सत्य नकोय हो. फलक हवाय. फलक नसेल तर गुण जातात, गुण गेले तर विभागाचं अनुदान जातं, आणि तुमची ती पूर्णवेळची जागासुद्धा त्यातूनच निघणार आहे. कळतंय का, कुठली दोरी कुठे बांधलीय?"

"कळतंय, सर."

"मग?"

"चार खरे शब्द आहेत ना, सर. त्यांच्या शेजारी सोळा खोटे ठेवले तर त्या चारांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. उद्या कुणी नवगतीला हसला की साखरेलाही हसेल. साखर आपली आहे, खरोखर आपली आहे. मला तिचं हसू करून घ्यायचं नाही. आणि ती नुसती संस्कृतही नाही. ग्रीकांच्या कानावर पडला तो सक्खरा. बाजारातल्या, जहाजावरच्या साध्या माणसांचा उच्चार. तेही लिहायला हवं."

"प्राकृत?" सर हसले. "प्राकृत कुणाला कळतंय?"

"माझ्या घरी कळतं," मी म्हणालो. आवाज जरा चढला होता. कांदेवाला बघायला लागला.

सरांनी पिशवी परत घेतली. "तुमचं शिकवणं चांगलं आहे," ते म्हणाले. "म्हणून एवढं ऐकून घेतलं. उद्या फाइल पाठवा."

मी चार शब्दांचीच फाइल पाठवली. समितीच्या दिवशी सकाळी पोचलो तर भिंतीवर वीस शब्दांचा फ्लेक्स लागलेला होता. मैत्रिणीनं सोमवारी संध्याकाळी सरांच्या सांगण्यावरून तो करून दिला होता. तिनं मला आधी फोन करून सांगितलंही होतं, "मी करतेय, राग धरू नकोस." मी धरला नव्हता. पण फलकाशेजारी उभं राहण्याची जबाबदारी माझ्या नावावरच राहिली होती. कागदोपत्री नावं आधीच गेली होती.

समितीत दक्षिणेकडच्या एक वयस्क प्राध्यापिका होत्या. बाकीचे दोघे फोटो काढून पुढे गेले. या थांबल्या. वरपासून खालपर्यंत वाचलं आणि इंग्रजीत विचारलं, "सल्फर. फार छान. याला आधार काय?"

सर माझ्या मागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोललो नसतो.

"याला आधार नाही, मॅडम," मी म्हणालो. "शब्द संस्कृतात आहे, पण तो तिकडे गेल्याचा पुरावा नाही."

"मग इथे का आहे?"

"यातल्या चार शब्दांबद्दल मी खात्रीनं सांगू शकतो." मी बोट ठेवून ते दाखवले आणि साखरेचा रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. माझ्या इंग्रजीत, माझ्या उच्चारात. जिथे सक्खरा आला तिथे सक्खराच म्हटलं. "बाकीच्यांबद्दल मला बोलता येणार नाही."

त्यांनी पूर्ण ऐकलं. "थँक यू," म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या कागदावर काही लिहिलं की नाही, ते दिसलं नाही. पुढे त्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी केली.

समिती गेल्यावर सरांनी मला खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. त्यांच्या आवाजात मला राग कमी आणि थकवा जास्त वाटला. "पाहुण्यांसमोर घरातली भांडी मोजायची नसतात हो," ते म्हणाले.

"सर, भांडी घरातली नव्हती. शेजारून उचलून आणलेली होती."

"बरं," ते म्हणाले आणि पंखा बंद करून उठले.

जूनमध्ये मुलाखत झाली. मला एकच प्रश्न विचारला, संघभावना म्हणजे काय असं तुम्हाला वाटतं. जागा मैत्रिणीला मिळाली. ती चांगली शिकवते. तिला मी खरोखर शुभेच्छा दिल्या. नव्या वेळापत्रकात माझे तासही नव्हते. महिनाभर हिंडल्यावर लोणी काळभोरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम मिळालं. तिथे पहिल्या आठवड्यातच कर्बोदकांचा धडा आला. त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं. फोनवर मला ते बोलता आलं नसतं. ते इथे देतो.

बाई,

नमस्कार करतो आणि लगेच मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा तुम्हाला आवडणार नाही.

वाघोलीची जागा मला मिळाली नाही. बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल की पोरगा साहेबांशी भांडला. ते खरं आहे. कशावरून भांडला हे त्यांना नीट सांगता आलं नसेल, म्हणून सांगतो. सल्फर शुल्बारितून आलेला नाही. मी पुष्कळ शोधलं. मला तो आपला असायला हवा होता, कारण तुम्ही तो आपला म्हणून दिला होता. तो निघत नाही. तुम्ही शिकवलेलं एक वाक्य मी परक्या माणसांसमोर खोटं ठरवलं, आणि तुमचं नाव त्यात कुठेही घेतलं नाही तरी मला ते तुमच्या पाठीमागे केल्यासारखं वाटत राहिलं. म्हणून हे समोर येऊन सांगणं.

साखरेचं मात्र अक्षर न् अक्षर खरं निघालं. मी ते सगळं कोश उघडून पाहिलं. इथल्या मुलांना परवा सांगितलं. ही मुलं हडपसर, उरुळी, यवत अशा ठिकाणांहून येतात, हाय-न्हाय बोलतात, आणि इंग्रजी शब्द आला की मान खाली घालतात. सक्खरा ऐकल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हंजी आमचंच बोलनं गेलं व्हय तिकडं?" मी म्हणालो, तुमचंच. तुमच्यासारख्या बोलणाऱ्यांचंच. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पुढच्या जूनमध्ये इथूनही काढलं तर तिसरीकडे जाऊन सांगेन. पण खोट्याच्या रांगेत उभं करून सांगणार नाही.

तुम्ही मला दिलेल्यातलं मी काहीही परत करत नाही. फक्त एवढा एक शब्द खाली ठेवतो आहे.

यंदाच्या नववीला गंधक शिकवाल तेव्हा तार जरूर तापवा. ती काळी पडलेली पोरांनी पाहायलाच हवी. सल्फर शुल्बारितून आला, एवढं मात्र सांगू नका. आणि मी चुकतो आहे असं वाटत असेल तर कळवा, मी दिवाळीत येतो आहेच. समोर बसून भांडू. मी माघार घेणार नाही, हे मात्र आधीच सांगतो.

तुमचा विद्यार्थी